हरून संघ घडतो का?

प्रश्न : उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकी लीगमधील काही संघ चांगले नवोदित मिळावेत म्हणून मुद्दाम हरतात, असे वाचले. सोलापुरातील आमच्या हॉकी क्लबनेही नवी बांधणी करताना एखादा हंगाम असा सोडावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : त्या लीगमध्ये तळाच्या संघांना नवोदित निवडण्यात झुकते माप मिळते, पिट्सबर्ग संघाला १९८४ मध्ये मारिओ लेम्यू हा पुढे महान ठरलेला खेळाडू असाच लाभला आणि पुढे १९९१ व १९९२ मध्ये संघाने स्टॅनली कप, म्हणजे लीगचे विजेतेपदही जिंकले. परंतु पहिली निवड आता सोडतीने ठरते. २०१५ मध्ये तळाला राहिलेल्या बफेलोला पहिल्या निवडीची संधी केवळ २० टक्के होती. त्या वर्षीचा सर्वाधिक चर्चेतला नवोदित कॉनर मॅकडेव्हिड एडमंटन संघाकडे गेला, बफेलोला जॅक आयकेल मिळाला, आणि त्याने कप जिंकला तो २०२३ मध्ये, वेगास संघाकडून. २०१४-१५ च्या त्या हरण्याच्या हंगामात बफेलोच्या प्रेक्षकांनी घरच्या रिंकवर प्रतिस्पर्ध्याच्या विजयी गोलाचा जल्लोष केला होता. मला सोडतीच्या निकालाहून हेच अधिक दुःखद वाटते, कारण हरण्याची सवय लागलेल्या संघात नवा खेळाडू शिकणार तरी कोणाकडून?

आपल्या क्लब स्पर्धांत तर तळाच्या संघाला कोणी खेळाडू देत नाही. तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना अवश्य खेळवा, त्यात सामने गेले तरी चालतील. मात्र मैदानात उतरलेल्या प्रत्येकाने जिंकण्यासाठीच खेळावे, आणि एक-दोन ज्येष्ठ खेळाडू, विशेषतः बचावफळीतले, त्यांच्यासोबत ठेवा.