काळ्याला विकल्प नाही

सातारा

चि. पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पुण्यातल्या खोलीवर पिल्लू आणलंस आणि ध्यानाला बसलं की मन भरकटतं म्हणून वैतागलीस, हे दोन्ही एकाच पत्रात आलं ते बरं झालं. ‘कुत्री कशी सदा वर्तमानात असतात, मला का जमत नाही?’ असं विचारतेस. मला ते अर्धंच पटतं.

रस्त्यात चपलेचा पट्टा लावायला वाकून बघ. समोरचं भटकं कुत्रं चार पावलं मागं सरतं. कधीतरी कुणी असंच वाकून दगड उचलला होता, ते त्याला आठवतं. म्हणजे भूतकाळ आहेच की त्याला! पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती, म्हणजे मनाचे व्यापार, सांगितल्या: प्रमाण (खरं ज्ञान), विपर्यय (चुकीचं ज्ञान), विकल्प, निद्रा, स्मृती. त्यातली स्मृती कुत्र्यापाशी भरपूर, निद्रेचं तर विचारूच नकोस. दिसत नाही तो विकल्प. इथे विकल्प म्हणजे पर्याय नव्हे. नुसत्या शब्दांवर उभं राहिलेलं, मागे वस्तूच नसलेलं ज्ञान. ‘साहेब मला मुद्दाम टाळतात’, ‘लोक काय म्हणत असतील’, हे सगळं त्यात आलं. भीती ओसरली की कुत्रं पुढच्या खांबाचा वास घ्यायला लागतं. आपण त्याच दगडावर तीन दिवस कीर्तन करतो.

माझी फजिती सांगतो. बांधाच्या वादावरून एका नातेवाइकाशी फोनवर बोललो. आवाज चढवला नाही. उलट किती सभ्यपणे बोललो, याचा अभिमानच वाटत होता. फोन ठेवला तर माझा कुत्रा काळ्या कॉटखाली. हाक मारली. शेपटीचं टोक हललं, पण तो बाहेर येईना. तेव्हा कुठे लक्षात आलं, माझा श्वास वरच्यावर चाललाय आणि कप धरलेला हात थरथरतोय. योगसूत्रांच्या पहिल्या भागातलं, समाधिपादातलं, एकतिसावं सूत्र मी वर्गात किती वर्षं घोकून घेतलंय: दुःख, दौर्मनस्य (मनाची खिन्नता), अंगाचा कंप, बिघडलेले श्वास आणि प्रश्वास हे विक्षेपाचे, म्हणजे मन विचलित होण्याचे, सोबती. शिकवणारा मी, ओळखलं त्याने. मग फरशीवर बसलो आणि लांब श्वास सोडत राहिलो. ध्यान म्हणून नव्हे, तो बाहेर यावा म्हणून. आला तेव्हा चहावर साय धरली होती.

तू सकाळी पिल्लाला फिरायला नेशील तेव्हा फोन घरी ठेव. दोरी खेचू नकोस. वास घेताना कुत्रं नाकपुडीच्या कडेच्या चिरेतून श्वास सोडतं, म्हणजे पुढचा वास उडून जात नाही. एवढी सोय निसर्गाने केलीय, आणि आपण ‘चल, चल’ करतो. त्याचं हुंगून होईपर्यंत उभी राहा. चुळबुळ होईल. ती बघायची. तुझ्या मांडी घालून बसण्यापेक्षा ही तीन मिनिटं मला जास्त कामाची वाटतात.

अभ्यास दृढ व्हायचा तर तो दीर्घकाळ, खंड न पाडता आणि सत्कारपूर्वक, म्हणजे आदराने, करावा, असं सूत्र आहे. पहिली दोन कामं पिल्लूच करवून घेईल; पाऊस आहे म्हणून ते थोडंच थांबणार आहे! तिसरं तुझ्याकडे. भाकरी आपटून पुढे टाकली तरी ते बिचारं खातं, म्हणूनच आपटायची नाही.

आणि योगात आसनाच्या आधी यम, म्हणजे वागण्याचे नियम, यमांत पहिली अहिंसा. दहा तास खोलीत कोंडून संध्याकाळी त्याच्यासोबत मन शांत करणार असशील तर ते मला मान्य नाही. दुपारी कोण बघणार ते आधी ठरव, पिल्लाला रेबीजची लस टोचून घे, मग चटई पसर.

त्याला संतही करू नकोस. तुला मी संगम माहुलीला नेलं होतं, तिथली खंड्याची समाधी आठवते? साताऱ्याच्या शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघापासून वाचवलं म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला म्हणतात. महाराज १७४९ साली गेले, त्यांचीही समाधी तिथेच. मला नेहमी वाटतं, खंड्याला त्या पालखीचं काय अप्रूप असणार? ऊन लागत नाही, एवढंच बहुधा.

काळ्या आता चौदा वर्षांचा झाला. मागचे पाय ओढतो. पूर्वी अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या देवळापर्यंत माझ्या पुढे असायचा. हल्ली निम्म्या वाटेवरच्या वळणावर बसतो. पहिले काही दिवस मी त्याला उठवायला बघायचो, दर्शन चुकायला नको म्हणून. आता मीही शेजारच्या दगडावर बसतो. धुकं असलं तर खालचा सातारा दिसत नाही. तो नाक वर करून काहीतरी घेत असतो, मला नुसता ओल्या गवताचा वास येतो.

दिवाळीला पिल्लू घेऊन ये. बिस्किटं आणू नकोस. डॉक्टरांनी काळ्याला गोड बंद केलंय. मलाही.

तुझा,
सर