इतका जुना निकाल आज कसा काय चालतो?

मागच्या अंकात कैद्यांना होणाऱ्या मारहाणीवर चार ओळी लिहिल्या आणि मेलबॉक्स भरून गेला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो, की वकील कोर्टात हे जुने निकाल आधाराला का लावतात आणि ते चालतात तरी कसे. म्हणून या वेळी तेवढंच.

प्रश्न : वकील साहेब नमस्कार. माझा धाकटा भाऊ कच्चा कैदी म्हणून आत आहे, अजून केस उभीपण राहिली नाही. बराकीतल्या दुसऱ्या कैद्यांनी त्याला मारलं, हाताला फ्रॅक्चर आहे. आमच्या वकिलांनी अर्ज केला त्यात १९७८, १९७९, २००० असल्या सालांचे निकाल लावलेत. सरकारी वकील म्हणणार की हे जुनं झालं. आणि मारलं तर कैद्यांनी, जेलवाल्यांनी नाही, मग आमचं चालेल का? (सांगली जिल्ह्यातून एक ताई)

ताई, आधी भावाच्या हाताचे मेडिकल पेपर, केस पेपरची कॉपी, एक्सरे जे काय असेल ते वकिलांकडे आजच द्या, निकाल नंतर. कारण निकाल कितीही भारी असला तरी तो लागू करायला आधी फॅक्ट लागते आणि इथेच बरेच जण कमी पडतात.

आता सालाचं. निकाल म्हणजे दूध नाही की तारीख उलटली की नासलं. सुप्रीम कोर्टाने एखादा कायद्याचा मुद्दा ठरवला की घटनेच्या कलम १४१ प्रमाणे तो देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक, आणि तो तोपर्यंत उभा राहतो जोपर्यंत मोठं बेंच तो फिरवत नाही किंवा कायदाच बदलत नाही. सरकारी वकील ‘जुना आहे’ एवढंच म्हणाले तर त्याला काही अर्थ नाही, ‘फिरवला गेलाय’ असं म्हणाले तर कुठे आणि कोणी हे त्यांना दाखवावं लागेल.

तुमच्या यादीत १९७८ आणि १९७९ म्हणजे बहुतेक सुनील बत्रा. हे दोन वेगळे निकाल आहेत, लोक मिक्स करतात, वकीलसुद्धा. पहिला ऑगस्ट १९७८ चा, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या बत्राला एकटं कोंडून ठेवलं होतं आणि त्याच निकालात चार्ल्स शोभराजच्या पायातल्या बेड्यांचाही प्रश्न होता. दुसरा डिसेंबर १९७९ चा, तीन न्यायमूर्ती. त्यात बत्राने स्वतःसाठी नाही तर दुसऱ्याच एका कैद्यासाठी न्यायमूर्तींना पत्र लिहिलं होतं, की नातेवाइकांकडून पैसे उकळायला हेड वॉर्डरने त्याला अमानुष मारलंय. कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून धरलं. तुमच्या कामाचा जास्त हा दुसरा, कारण त्यात नुसती तत्त्वं नाहीत तर कामाची यादी आहे, म्हणजे सेशन्स जज आणि जिल्हा मॅजिस्ट्रेटनी स्वतः किंवा माणूस पाठवून तुरुंगाला भेट द्यायची, तक्रारपेट्या ठेवायच्या, नेमलेल्या वकिलांना कैद्याला खाजगीत भेटू द्यायचं. भावाची तक्रार पेटीत टाकली होती का, टाकू दिली का, हे अर्जात आलं पाहिजे.

‘मारलं कैद्यांनी’ याचं उत्तर २००० सालच्या निकालात आहे. स्टेट ऑफ आंध्र प्रदेश विरुद्ध चल्ला रामकृष्ण रेड्डी. बाप-लेक कर्नूल जिल्ह्यातल्या कोइलकुंतला सबजेलमध्ये कोठडी नंबर ७ मध्ये होते, मे १९७७ मध्ये पहाटे साडेतीनच्या सुमारास बाहेरून माणसं आत शिरली आणि कोठडीवर बॉम्ब टाकले. वडील गेले, मुलगा जखमी होऊन वाचला. बॉम्ब टाकणारे सरकारी नोकर नव्हतेच, तरी सरकारला नुकसानभरपाई द्यावी लागली, कारण आत ठेवलेल्या माणसाला स्वतःला वाचवायला पळता येत नाही, त्याच्या जिवाची राखण ज्याने कोंडलंय त्याच्यावर. हायकोर्टाने १ लाख ४४ हजार आणि व्याज दिलं, सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. तुमच्या केसमध्ये जेलचा निष्काळजीपणा दाखवावाच लागेल, म्हणजे आधी धमकी होती का, ती सांगितली होती का, बराकीत त्या वेळी पहाऱ्यावर कोण होतं. तेवढं जमलं तर हा निकाल सरळ लागतो.

प्रश्न : सर, मी पुण्यात एलएलबी थर्ड इयरला आहे. चल्ला रेड्डी वाचला पण डोकं गरगरलं. कस्तुरीलाल पाच जजेसचा आहे, चल्ला रेड्डी दोन जजेसचा. मग दोन जज पाच जजना ओव्हररूल कसे करतात, म्हणजे त्यांचा निकाल कसा फिरवतात? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या परीक्षेला एवढं येत नाही.

मॅडमचं बरोबर आहे, परीक्षेला येत नाही, प्रॅक्टिसमध्ये मात्र पहिल्याच वर्षी येतं. तुझा प्रश्न मला फार आवडला त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

बाकीच्या वाचकांसाठी कस्तुरीलालची गोष्ट थोडक्यात. सप्टेंबर १९४७, फाळणीचे दिवस. अमृतसरच्या फर्मचा भागीदार सोनं-चांदी विकायला मेरठला आला, पोलिसांनी संशयावरून धरलं आणि माल मालखान्यात जमा केला. चांदी परत मिळाली. शंभर तोळ्यांच्या वर सोनं होतं, ते हेड कॉन्स्टेबल घेऊन पाकिस्तानात गेला. फर्मने सरकारवर दावा लावला. निकाल १९६४ चा, रिपोर्टमध्ये १९६५ चा म्हणून सापडतो, आणि तो लिहिलाय आपल्या सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी. निष्काळजीपणा झाला हे मान्य, पण अटक करणं, माल जप्त करणं ही सार्वभौम सत्तेची कामं, म्हणून सरकार जबाबदार नाही. फर्म रिकाम्या हाताने घरी. गजेंद्रगडकरांनाही ते खटकलं होतं बरं का, या विषयावर विधिमंडळांनी कायदा करायचा विचार करावा असं त्यांनी त्याच निकालात लिहून ठेवलंय.

आता तुझा मुद्दा. दोन जज पाच जजना ओव्हररूल करू शकत नाहीत, बिलकुल नाही. दाऊदी बोहरा समाजाच्या केसमध्ये, म्हणजे सेंट्रल बोर्ड विरुद्ध महाराष्ट्र सरकार, घटनापीठाने हे स्वच्छ सांगितलंय की लहान बेंचला मोठ्या बेंचचं पटलं नाही तर फार तर सरन्यायाधीशांकडे विनंती करता येते. म्हणून चल्ला रेड्डीत ‘ओव्हररूल’ हा शब्द सापडणार नाही. तिथे म्हटलंय की नंतरच्या निकालांमुळे कस्तुरीलाल फिका पडलाय, आता त्याला बंधनकारक किंमत उरली नाही. म्हणजे भिंत पाडली नाही, शेजारी इतकं बांधकाम झालं की भिंतीवर कोणाची सावलीच पडत नाही.

हे बांधकाम कसं झालं ते बघ, कारण निकाल लावायची खरी कला इथे दिसते. १९८३ ला रुदुल शाह. निर्दोष सुटल्यावरसुद्धा बिहारात १४ वर्षं आत सडलेला माणूस, सुप्रीम कोर्टाने थेट रिटमध्ये, म्हणजे मूलभूत हक्कांसाठीच्या याचिकेत, पैसे दिले, सगळे मिळून ३५ हजार. रक्कम बघून हसू नकोस, दरवाजा उघडला हे महत्त्वाचं. मग १९९३ ला नीलबती बेहेरा, ओडिशातली आई, २२ वर्षांचा मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर सापडला. तिचंही पत्रच याचिका झालं, दीड लाख भरपाई मिळाली. त्या निकालात कस्तुरीलालला हात न लावता बाजूला सरकवलं. कसं? कस्तुरीलाल हा दिवाणी दाव्यातल्या सरकारच्या जबाबदारीचा निकाल आहे, इथे आम्ही मूलभूत हक्क मोडल्याबद्दल घटनेखाली उपाय देतोय, दोन रस्ते वेगळे. याला डिस्टिंग्विश करणं म्हणतात आणि कोर्टात रोज पन्नास वेळा होतं.

पण मग चल्ला रेड्डी आला आणि तो काय होता? दिवाणी दावा! रिट नाही. म्हणजे बरोबर त्याच रस्त्यावर जो नीलबतीने कस्तुरीलालसाठी सोडला होता. त्यामुळे इथली उडी मोठी आहे, आणि तुझं डोकं गरगरलं ते योग्य जागी गरगरलं. कोर्टाने आधार घेतला तो असा की जिवाचा हक्क कलम २१ मधला, तो मोडला तर सार्वभौम सत्तेची ढाल पुढे करता येत नाही, मग रस्ता रिटचा असो की दाव्याचा. कस्तुरीलालमध्ये भांडण सोन्याचं होतं, कोणाचा जीव गेला नव्हता. हा फरक खरा आहे. माझं स्वतःचं मत विचारशील तर निकाल शंभर टक्के बरोबर, पण ‘बंधनकारक किंमत उरली नाही’ हे वाक्य दोन जणांच्या बेंचने लिहायला नको होतं, मोठ्या बेंचकडे पाठवलं असतं तर आज सरकारी वकिलांना ‘पाच जजेसचा निकाल अजून उभा आहे’ म्हणायची सोय राहिली नसती. ती सोय ते अजून वापरतात, मी ऐकलंय. तू उलट बाजूला असशील तर चल्ला रेड्डी एकटा देऊ नकोस, आधी नीलबती दे, तो तीन जजेसचा आहे.

अजून एक, सुनील बत्राबद्दल. पहिल्या बत्रातली जी सुंदर वाक्यं सगळे जण अर्जात चिकटवतात ती बहुतेक न्या. कृष्ण अय्यरांची, आणि त्यांचं मत वेगळं लिहिलेलं, सहमतीचं आहे. बाकी चौघांसाठी न्या. देसाईंनी लिहिलं, त्या चौघांत सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. समोरचा वकील हुशार असेल तर विचारतो, हे बहुमतात कुठे आहे दाखवा. म्हणून दोन्ही वाच. शिवाय बत्राने एकांतवास रद्द केला असं सर्रास सांगितलं जातं, तसं नाही, कारागृह कायदा १८९४ चं कलम ३० आणि बेड्यांचं कलम ५६ ही रद्द केली नाहीत, त्यांचा अर्थ आवळला. ३० चा अर्थ असा लावला की फाशीचा कैदी म्हणून जेलवाल्यांनी आपल्या मनाने त्याला एकटं कोंडायचं नाही.

प्रश्न : तुरुंगातल्या माणसाच्या मराठी पुस्तकावरून सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली होती असं माझे वडील सांगायचे. खरं आहे का? (डोंबिवलीहून एक निवृत्त शिक्षक)

गुरुजी, अगदी खरं आणि वडिलांची स्मरणशक्ती दांडगी. प्रभाकर पांडुरंग संझगिरी, भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा तुरुंगात स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, मूलकणांवरचं, त्यात राजकारणाचा वासही नव्हता. हस्तलिखित छापायला पत्नीकडे पाठवायचं होतं, सरकार नको म्हणालं. सरकारचा युक्तिवाद ऐका, स्थानबद्धाला आम्ही नियमात दिल्या तेवढ्याच सवलती, पुस्तक छापणं त्यात नाही. मुंबई हायकोर्टाने ते उडवलं आणि १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही, की नियमांत बंधनं असतात, हक्कांची खैरात नसते, जे बंधनात नाही ते माणसाकडे शिल्लकच असतं. तीसेक वर्षांनी, १९९४ मध्ये, तामिळनाडूत फाशीच्या कैद्याचं आत्मचरित्र साप्ताहिकाने छापायचं की नाही हा वाद आला तेव्हा याच मराठी पुस्तकाची केस पुन्हा निघाली. अणूवरचं पुस्तक तामिळनाडूच्या फाशी कोठडीपर्यंत पोचलं, असं होतं निकालांचं.

प्रश्न : आम्ही मडगावला राहतो. दिल्ली हायकोर्टाचा निकाल गोव्यात बंधनकारक असतो का? आणि एआयने काढून दिलेले निकाल अर्जात टाकले तर चालतं का?

पहिलं, नाही. गोवा मुंबई हायकोर्टाच्या खाली, तेव्हा तुमच्या खालच्या कोर्टांवर मुंबई हायकोर्टाचं बंधन, मग ते बेंच गोव्याचं असो की नागपूरचं. दिल्लीचा निकाल वाचून दाखवता येतो, जज साहेबांना पटला तर घेतील, नाही पटला तर कारण देऊन सोडतील.

दुसऱ्याला, मूळ निकाल उघडून वाचल्याशिवाय एक ओळही टाकू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल कोर्टात लावले आणि त्यातले काही अस्तित्वातच नव्हते, पाच हजार डॉलर दंड झाला. सुप्रीम कोर्टाच्या साइटवर निकाल फुकट आहेत, २०२३ पासून प्रत्येकाला न्यूट्रल सायटेशनचा, म्हणजे कोर्टाने स्वतः दिलेल्या ओळखीचा, नंबरही असतो, टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न : हे सगळं कागदावर ठीक आहे हो, पण तुरुंगात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना यातून काय मिळतं? (सोलापूर)

रागाने लिहिलंय हे कळतंय. २०१३ मध्ये माजी सरन्यायाधीश लाहोटींनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, १३८२ तुरुंगांच्या अवस्थेबद्दल, त्यातून केस उभी राहिली. १५ सप्टेंबर २०१७ ला कोर्टाने सगळ्या हायकोर्टांना सांगितलं की २०१२ ते २०१५ या काळात तुरुंगात अनैसर्गिक मृत्यू झालेल्यांचे वारस शोधा, स्वतःहून याचिका नोंदवा, आधी पुरेशी भरपाई दिली नसेल तर द्या. त्या आदेशामागे नीलबती बेहेरासारख्यांची रांग होती, त्या रांगेशिवाय तो लिहिता आला नसता. तुमच्या घरातला मृत्यू त्या वर्षांतला असेल तर हायकोर्टात नोंदवलेल्या त्या याचिकेत त्याचं नाव आहे का ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा. मदत फुकट असते, ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. नंतरच्या वर्षांतला असेल तर मृत्यूनंतर मॅजिस्ट्रेटने केलेल्या चौकशीच्या रिपोर्टची नक्कल आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्ट मागा. नक्कल लेखी अर्ज देऊनच मागा आणि पोच घ्या.