संडासात पाणी नको

तुझा नकाशा दोनदा बघितला. लडाखातलं घर, पाहुण्यांसाठी तीन खोल्या आणि फ्लशचे दोन संडास. वर विचारतोस, सेप्टिक टाकी केवढी धरू? टाकी धरूच नकोस. संडासात पाणी नको.

पाहुणे नाक मुरडतील ही भीती मला कळते. पण लेहसारख्या ठिकाणी वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम १०० मिलिमीटर. तिथे दर खेपेला सहा-आठ लिटर पाणी ओतायचं? जानेवारीत पाईप गोठून फुटतात. थंडीने टाकीतले जिवाणू सुस्तावतात, मैला तसाच राहतो. खाली झिरपतं ते कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात.

आणि शेताचा विचारच केला नाहीस, याचा जास्त राग आला. तिकडे सरपणाची मारामार. पाण्याकाठचे पॉप्लर तुळयांना लागतात, म्हणून गाईचं, झोचं (याक आणि गाईच्या संकराचं) शेण चुलीत जातं. मग जवाच्या शेताला खत कुठून? घरातल्याच माणसांकडून. संडास ही त्या घराची खताची कोठी आहे, आणि तू तिला गटार करायला निघालास.

कोरडा संडास कर: भोक वरच्या मजल्यावर घे, हातभर लांब, वीतभर रुंद; मैला खालच्या कप्प्यात पडेल. शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. दर वेळी फावडंभर कोरडी माती टाकायची, चुलीची राख मिळाली तर उत्तमच. घाण वास येतो तो माती कमी पडली म्हणून, नाहीतर कुणी बादली ओतली म्हणून. ओलं झालं की हवा कोंडते, कुजायचं ते सडतं आणि हिवाळ्यात त्याचा दगड होतो. मग पहार घेऊन बसा.

मातीचा हिशेब कर. सहा माणसं, हिवाळ्याचे दीडशे दिवस, माणशी रोज किलोभर: ९०० किलो. जमीन गोठायच्या आत ती आत आणून ठेवायला हवी. तुझ्या नकाशात त्याला कोपराच नाही! पाहुण्यांची वेगळी धर.

आपल्याकडची माणसं धुणारच, दटावून उपयोग नाही. बाजूला वेगळी मोरी दे, तिचं पाणी विलोच्या झाडांच्या मुळाशी सोड. भोकात थेंब नको. पॅड, डायपर, वेष्टनं यांना झाकणाची बादली ठेव. भोकात गेलेलं प्लास्टिक पुढे शेतात निघतं.

हट्टी म्हण मला. पाईप आखण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि शहाणपण उशिरा आलं, म्हणून आवाज चढतो. पण या बाबतीत मी हटणार नाही.

सुधारलेला छेद, म्हणजे घर उभं कापून दाखवणारा नकाशा, पाठव. खालचे कप्पे दोन हवेत, एक वापरात, दुसरा वर्षभर मुरत. माणूस उभा राहून फावडं मारेल एवढी उंची. आणि कप्प्यांचं दार बाहेरून, शेताच्या बाजूला; आताच्या नकाशात संडासाचं दार स्वयंपाकघराच्या पायरीसमोर उघडतंय.