लोहाच्या गोळ्यांआधी सिकलसेलची तपासणी करून घ्या

आपण सातपुड्यातील धडगावहून पुण्यात पदवीच्या पहिल्या वर्षासाठी आला आहात, वसतिगृहातील भोजनाची रक्कम खात्यात उशिरा जमा होते, दुपारनंतर वर्गात ग्लानी येते आणि दोन विषय राहिल्यावर "तुम्हाला अभ्यासाची सवयच नाही" असे प्राध्यापक म्हणाले. तर कोणते टॉनिक घ्यावे, असे आपण विचारले आहे. आदिवासी मुलींच्या वसतिगृहात मी अनेक वर्षे गृहपाल होते, त्या अनुभवावरून लिहिते.

टॉनिक किंवा लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, त्यामुळे आपलेही हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असण्याची शक्यता आहेच. परंतु सातपुड्यातील आणि विदर्भातील आदिवासी समाजांत सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, प्रमाण लक्षणीय आहे आणि त्या आजारातील रक्तक्षय केवळ लोहाने भरून निघत नाही. माझ्याकडील एका विद्यार्थिनीने कित्येक महिने गोळ्या घेतल्या, थंडीत हातापायांच्या असह्य वेदना सोसल्या, आणि परीक्षेच्या दिवसांत कोसळल्यावर तिचे निदान झाले. तिला गोळ्या नेमाने घे, असे मीच सांगत असे, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून शासकीय रुग्णालयात हिमोग्लोबिनसोबत सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी (रक्ताची प्राथमिक तपासणी) मागून घ्या. ती सकारात्मक आली, तर आपण केवळ वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेल्या) आहात की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढील तपासणीतून कळते. वाहक व्यक्तीला सहसा त्रास होत नाही. रुग्ण असल्यास नियमित उपचार लागतात, पाणी भरपूर प्यावे लागते, थंडीपासून जपावे लागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश असल्याने प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेतील सवलतींसाठी अर्जही करता येतो. महाविद्यालयांत ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

आता जेवणाविषयी. 2018 साली आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतील भोजनाऐवजी खात्यात थेट रक्कम देण्याचे ठरवले, तेव्हा विद्यार्थी निषेधार्थ पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्यांची भीती अनाठायी नव्हती. रक्कम लांबली की मुली प्रथम रात्रीचे जेवण सोडतात, चहा-बिस्किटांवर भागवतात, आणि परीक्षा शुल्काची तारीख आली की जेवणाचेच पैसे तिकडे वळतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. घरी नागलीची भाकरी, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी खाणारी मुलगी शहरात वडापावावर राहते आणि तिच्या गुणपत्रिकेवरून तिची कुवत ठरवली जाते, हा मला उघड अन्याय वाटतो.

रक्कम उशिरा येत असल्यास एकटीने विनंती न करता सर्व मुलींच्या सह्यांचा अर्ज आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात द्या, त्यात प्रत्येक महिन्याची जमा झाल्याची तारीख लिहा आणि पोचपावती घ्या. तोवर जवळच्या खानावळीशी, रक्कम जमा झाल्यावर पैसे चुकवण्याच्या बोलीवर, मिळून ठरवता येते. दहा-पंधरा जणी एकत्र गेल्यास खानावळवाले सहसा ऐकतात. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिलीच, तर ती चहासोबत घेऊ नका. लिंबू किंवा आवळा चालेल.

आणि होळीला घरी जाल तेव्हा आपला अहवाल सोबत न्या. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, त्यामुळे आपल्या धाकट्या भावंडांचीही तपासणी ग्रामीण रुग्णालयात त्याच सुट्टीत करून घ्या.