मुलाचं आपसांत ठरलंय, मग वकील कशाला?

तुम्ही विचारलंय की घटस्फोटाला दोघांचीही संमती आहे, सहा वर्षांचा मुलगा तुमच्याकडे राहणार आणि वडिलांना भेटत जाणार हेही ठरलंय. मग वकिलावर पैसे का घालवायचे, आणि वकील लागलाच तर मोफत मिळतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, तुम्हाला नोकरी असली तरी चालतं. (पुरुषांना सहसा आहे. महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची.) जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१००. जाताना लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि आधार सोबत न्या.

‘फुकटचा वकील तसलाच असणार’ असं नातेवाईक म्हणतील. माझ्या तेव्हाच्या बायकोने वकील तिथूनच घेतला होता, मी पैसे मोजून घेतला. तिच्या वकीलबाईंनी कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या कागदात, मुलीच्या भेटीगाठींवर दीड पान लिहून आणलं. माझे वकील म्हणाले, “एवढं कशाला? शिकलेली माणसं आहात.” मीही मान डोलावली. दीड पानाची एक ओळ झाली: ‘वडिलांना मुलीस उभयतांच्या सोयीनुसार भेटता येईल.’

त्या ‘सोयीनुसार’ने दोन वर्षं खाल्ली. मी पुण्यात, मुलगी आईबरोबर साताऱ्यात. स्वारगेटहून सकाळची एसटी धरायची, सातारा स्टँडवर उतरायचं आणि फोन यायचा, “आज तिला ताप आहे.” असेलही ताप, मी कोण ठरवणार? एका जूनमध्ये तिच्या वह्यापुस्तकांना कव्हरं घालायची म्हणून तपकिरी कागदाचा रोल घेऊन गेलो होतो. तसाच परत आणला. अजून माळ्यावर आहे. दिवाळीची सुट्टी तोंडी अर्धी-अर्धी ठरलेली, पण भाऊबीज कुठल्या अर्ध्यात हे ठरलंच नव्हतं. माझ्या भावाचा मुलगा पाटावर बसून राहिला आणि ओवाळणारी साताऱ्यात. यात तिची चूक म्हणावी तर कागदावर काही होतंच कुठे?

तुम्ही आई आहात, ताबा तुमच्याकडे, तेव्हा मोघम शब्द तुमच्या सोयीचा वाटेल. पण उद्या मुलाचे वडील रात्री नऊला दारात उभे राहिले, किंवा मुलगा बूट घालून दोन तास गॅलरीत बसला आणि ते आलेच नाहीत, तर तोच शब्द तुमच्यावर उलटतो.

आता पहिला प्रश्न. कायद्याने वकील लागतोच असं नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात वकिलामार्फतच बाजू मांडण्याचा हक्कच दिलेला नाही, न्यायालय परवानगी देतं. माणूस स्वतः उभा राहू शकतो आणि न्यायालयाचे समुपदेशक मदत करतात. तरीही मसुदा तुमच्या बाजूच्या वकिलाला वाचायला द्याच. दोघांचा मिळून एकच वकील ही पद्धत सर्रास आहे, मला ती पटत नाही.

तुमच्या वकिलाला सांगा की वार, वेळ आणि जागा लिहा. मुलाला कोण सोडणार, कोण आणणार. मे महिन्याची सुट्टी, गणपती, मुलाचा वाढदिवस. शाळेची फी. पासपोर्ट, कारण अल्पवयीन मुलाच्या अर्जाला सहसा दोघांचीही संमती मागतात. कोणी गाव बदललं तर काय. आणि ताप! आमच्या आताच्या आदेशात ते आहे: आजारपणामुळे भेट चुकली तर ती पुढच्या शनिवारी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज केला, समुपदेशकांसमोर तीन बैठका झाल्या, तेव्हा कुठे दुसरा आणि चौथा शनिवार सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६ अशी ओळ मिळाली. बुधवारी साडेसातला व्हिडिओ कॉल. मुलाबाबतचे आदेश असे नंतर बदलता येतात, तेव्हा सही केली म्हणजे सगळं संपलं असंही समजू नका. आणि तुमचं आपसांत ठरलं तरी ते मुलाच्या हिताचं आहे का हे न्यायाधीश पाहतात.

तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल तर संमतीच्या घटस्फोटात अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर काही अटींवर ही मुदत माफ होऊ शकते, तुम्हालाही ‘माफ करून घेऊ’ असं सांगतील. मी तुमच्या जागी असतो तर ती माफी घेतली नसती. त्या सहा महिन्यांत लिहिलेलं वेळापत्रक चालवून बघितलं असतं. आमच्याकडे रविवारी सहाची वेळ कागदावर बरी दिसली, पण परतीच्या गाडीत मुलगी झोपते आणि सोमवारचा गृहपाठ राहतो. आता आम्ही दोघं मिळून ती चारवर आणायला अर्ज करतोय. वकील या वेळी तिच्याच त्या बाई.