वाचकांचे प्रश्न : वणव्यानंतरचा जमीनवापर आराखडा

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई कॅलिफोर्नियातील चिको शहरात राहतात. वर डोंगरात मगेलिया येथे एक एकराहून लहान प्लॉट घेऊन घर बांधावे, असे त्यांच्या मनात आहे. २०१८ साली त्याला लागूनच असलेले पॅराडाइज गाव वणव्यात जळाले, हे आम्हांला ठाऊक आहे. जावईबापूंचे म्हणणे असे, की त्यानंतर काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, दीर्घकालीन आराखडा नव्याने केला असून त्यात हा प्लॉट निवासी वापराचाच आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही. यावर विसंबावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एवढ्यावरच विसंबू नये. प्लॉट निवासी वापरात असणे याचा अर्थ तेथे घर बांधायला आराखड्याची आडकाठी नाही, इतकाच आहे. तेथून वेळेवर बाहेर पडता येईल, अशी हमी त्यात नाही.

मगेलिया ज्या ब्यूट काउंटीत येते, तिने २०१० मध्ये संमत केलेला आराखडा २०३० सालापर्यंतचा होता. त्याची मुदत संपण्याआधीच तो सुधारावा लागला आणि २०४० पर्यंतचा नवा आराखडा २०२३ मध्ये संमत झाला. आपल्याकडच्या प्रादेशिक योजनेशी त्याची ढोबळ तुलना करता येईल. तो लागू होतो तो फक्त नगरपालिका नसलेल्या भागाला, म्हणजे मगेलियासारख्या वस्त्यांना. पॅराडाइजला स्वतःची नगरपालिका असल्यामुळे तिचा आराखडा वेगळा आहे. एकाच डोंगरसोंडेवर, एकाच रस्त्यावर वसलेल्या दोन वस्त्यांचे नियोजन अशा रीतीने दोन कचेऱ्यांत होते, ही गोष्ट मला नेहमीच खटकत आली आहे.

कारण आगीला ही हद्द कळत नाही. ८ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे फेदर नदीच्या दरीत एका वीजवाहिनीच्या मनोऱ्यावरचा, जवळजवळ शंभर वर्षे जुना लोखंडी आकडा झिजून तुटला, तार सुटली आणि ठिणगी खालच्या वाळल्या गवतात पडली. ईशान्येचा कोरडा वारा इतका जोराचा होता, की दीड-दोन तासांतच निखारे पॅराडाइजवर पडू लागले. ८५ माणसे गेली आणि सुमारे १८,८०० इमारती नष्ट झाल्या. स्कायवे हा तेथला मुख्य रस्ता गाड्यांनी तुंबला. काहींना गाडी तिथेच टाकून पायी पळावे लागले, तर काही जण गाडीतच होरपळून मेले. मगेलियाहून चिकोला उतरण्याचा मुख्य मार्गही हाच, पॅराडाइजमधून जाणारा.

म्हणून आराखडा हाती घेतल्यावर जावईबापूंनी जमीनवापराच्या रंगीत नकाशाआधी सुरक्षेचे प्रकरण वाचावे. आगीचा धोका असलेल्या ज्या वसाहतींना बाहेर पडण्याचे किमान दोन मार्ग नाहीत, त्या शोधून नोंदवाव्यात, असे बंधन कॅलिफोर्नियाने २०१९ च्या कायद्याने घातले आहे. आपला प्लॉट त्या नोंदीत आहे का, हे काउंटीच्या नियोजन विभागाला लेखी विचारावे. दुसरे असे, की राज्याच्या अग्निसुरक्षा नियमांप्रमाणे एक एकराहून लहान प्लॉट असलेल्या भागात पुढे वाट बंद असलेला नवा रस्ता ८०० फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे २४४ मीटरपेक्षा लांब असू नये. जुन्या वसाहतींतील कितीतरी रस्ते या नियमाच्या आधीचे आहेत. प्लॉटपासून पुढच्या फाट्यापर्यंतचे अंतर गाडीच्या मीटरवर स्वतः मोजून पाहिले, तर नकाशा सांगत नाही ते कळेल.

घराच्या बांधणीविषयी थोडक्यात. अशा भागातील नव्या घरांना २००८ पासून कडक बांधकाम नियम लागू आहेत : छत पेट न घेणारे हवे आणि माळ्याच्या झरोक्यांना बारीक जाळी हवी, कारण बहुतेक घरे ज्वाळेने नव्हे, तर पन्हळीत साचलेल्या पाइनच्या सुयांवर किंवा झरोक्यातून आत पडलेल्या निखाऱ्याने पेटतात. घराभोवती १०० फुटांपर्यंतचे गवत-झुडूप आटोक्यात ठेवणेही बंधनकारक आहे. आणि इसार देण्यापूर्वी विम्याचे दरपत्रक मागवावे. खासगी कंपन्या नकार देऊ लागल्या, तर फेअर प्लॅन ही शेवटच्या पर्यायाची योजना उरते. तिचे संरक्षण मर्यादित आहे.

प्रश्न : इतका धोका आहे, तर काउंटी तेथे नवी घरे बांधण्यास सरळ बंदीच का घालत नाही?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तशी सूचना झाली होती, आणि तीही आगीच्या नऊ वर्षे आधी. २००८ च्या उन्हाळ्यातील वणव्यांत याच डोंगरावरून लोकांना बाहेर काढताना रस्ते अपुरे पडल्यावर, नागरिकांमधून नेमलेल्या ग्रँड ज्युरीने धोक्याच्या भागातील नव्या घरबांधणीस स्थगिती देण्याची शिफारस केली. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निर्वाचित पर्यवेक्षक मंडळाने सप्टेंबर २००९ मध्ये ती अवाजवी म्हणून फेटाळली. पुढे २०१३ मध्ये मगेलियाच्या वर, उत्तरेकडे निघणारा जंगलातला एक रस्ता तेवढा डांबरी झाला.

मंडळाला केवळ दोष देऊनही भागणार नाही. अमेरिकी संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीनुसार भरपाईशिवाय खासगी मालमत्ता घेता येत नाही, आणि मालकाला जमिनीचा काहीच उपयोग उरणार नाही, असा निर्बंधही न्यायालयात तसाच ठरू शकतो. शिवाय ठरावीक संख्येच्या घरांना जागा दाखवा, असा राज्याचा लकडा प्रत्येक काउंटीमागे असतोच. त्यामुळे आराखडा नव्या वस्तीची घनता कमी करू शकतो, ती सपाटीकडे वळवू शकतो. पूर्वीच पाडून विकलेले प्लॉट मात्र तो पुसू शकत नाही. ते विकतच घ्यावे लागतात. पॅराडाइजच्या उद्यान मंडळाने हाच मार्ग धरला आहे : जे मालक स्वखुशीने विकतील, त्यांचे गावाच्या कडेचे प्लॉट घेऊन तेथे आपले वनखाते काढते त्या जाळरेषेसारखा, पण बराच रुंद, मोकळा पट्टा राखायचा. मधला एखादा मालक नाही म्हणाला, की पट्ट्यात तेवढे खिंडार राहते.