किल्ली घेतली नाही, पण करार नोंदवलेला आहे

कराडच्या एका वाचकांनी सांगलीत, गावभागात, तळमजल्यावरचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घेतला. भाडं 9,000, डिपॉझिट 30,000, करार ऑनलाइन नोंदवलेला, मुदत येत्या 1 तारखेपासून. मधल्या काळात बदली रद्द झाली. घरमालक फोनवर आधी म्हणाले, "दुसरं कुणी मिळालं की पैसे देतो." आता म्हणतात, सहा महिन्यांचा लॉक-इन आहे (म्हणजे तोवर जागा सोडली तरी सहा महिन्यांचं भाडं, 54,000, द्यायचंच), डिपॉझिट विसरा आणि वर 24,000 द्या. वाचक विचारतात, राहायलाच गेलो नाही तर करार लागू कसा?

लागू आहे. करार सही-अंगठ्याने होतो, सामान हलवल्याने नाही. बदली रद्द होणं ही तुमची अडचण झाली, करार अशक्य होणं नव्हे. अंगठा लावण्याआधी ती पीडीएफ एकदा वाचली असती तर लॉक-इन तीन महिन्यांवर आणता आला असता. एजंट "सगळीकडे हाच फॉरमॅट असतो" म्हणाला म्हणून न वाचता अंगठा लावणारे फार झालेत, आणि त्याची किंमत एजंट देत नाही.

आता मुद्द्याचं. तुमचा सगळा भरवसा त्या फोनवर आहे आणि नेमका तोच निरुपयोगी आहे. नोंदणीकृत करार नंतरच्या तोंडी बोलण्याने रद्द झाला, असं कोर्टात सिद्ध करू दिलं जात नाही. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 92 मध्ये ही तरतूद होती, आता ती भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 95 मध्ये आहे. मालक फोनवर दहा वेळा "चालेल" म्हणाले असतील, तरी कागदावर करार जिवंतच आहे. 1 तारीख उजाडली की पहिल्या महिन्याचं भाडं मागायला ते मोकळे.

म्हणून 1 तारखेच्या आत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. करारात मालकांचा जो पत्ता आहे त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा, तीच व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलवरही टाका. दस्त क्रमांक आणि नोंदणीची तारीख लिहा. जागा वापरणार नाही, ताबा आणि किल्ली घेतलेली नाही, डिपॉझिट पंधरा दिवसांत परत करावं, हे लिहा. आणि हे एक वाक्य विसरू नका: "सदर जागा आपण आजपासून अन्य कोणासही देण्यास माझी हरकत नाही." ते नसेल तर मालक उद्या सांगतील, तुमच्या नावाचा नोंदवलेला करार उभा होता, मी दुसऱ्याला जागा देऊ कशी? लॉक-इन मान्य असल्याचं किंवा माफी मागणारं काहीही नोटिशीत नको. किल्ली एजंटकडे असेल तर ती मालकांकडे देऊन पोच घ्या. एखादं कपाटसुद्धा आत ठेवू नका.

लॉक-इनच्या रकमेबाबत मी खात्री देणार नाही, निकाल दोन्ही बाजूंनी सापडतात. तुमच्या कलमात "पहिल्या सहा महिन्यांत जागा सोडल्यास" असं आहे. जो आत गेलाच नाही त्याने जागा सोडली कशी, हा युक्तिवाद करता येतो, पण एकट्या त्यावर विसंबू नका. जास्त जोर करार कायदा, 1872 च्या कलम 74 मध्ये आहे. करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा; मिळते ती वाजवी भरपाई. नुकसान कमी करायला मालकांच्या हाती काय उपाय होते तेही कलम 73 खाली पाहिलं जातं. 10 तारखेला दुसरा भाडेकरू आला तर सहा महिन्यांचे 54,000 मागणं टिकणं कठीण. तेव्हा भाडेकरू तुम्हीही शोधा आणि त्यांची नावं मालकांना लेखी कळवा.

इथे 2019 मध्ये पुराचं पाणी आलं होतं, हे मालकांनी लपवलं असंही तुम्ही लिहिता. गावभागात 2005, 2019 आणि 2021 चे पूर कुणापासून लपलेले नाहीत. शेजारी एक प्रश्न विचारला असता तरी कळलं असतं, आणि साध्या चौकशीने कळण्यासारख्या गोष्टीवर मालक नुसते गप्प राहिले, एवढ्याने करार रद्द करता येत नाही. मात्र तुम्ही विचारल्यावर "इथे पाणी येत नाही" असं मालकांनी मेसेजवर लिहून दिलं असेल, तर बाजू पालटते. तो मेसेज पुसू नका. कोर्टात तो साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रासह द्यावा लागतो.

तडजोड होत असेल तर एका महिन्याचं भाडं सोडून 21,000 परत घ्या. 30,000 साठी दिवाणी दावा लावला तर तारखांमध्ये वर्षं जातात, आणि आपल्या कोर्टांची ही गती लोकांना हक्काचे पैसे सोडायला लावते, याची मला मनापासून चीड आहे. मालक अडूनच बसले तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, अर्ज करा. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही. पोलिसांकडे जाऊ नका, ते दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील. अडीचशेच्या आसपासचं मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी गेली असं समजा.

पैसे हातात घेताना रद्दलेख करा: दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, रक्कम, यूटीआर (बँकेतून पैसे पाठवल्याचा) क्रमांक आणि "एकमेकांकडून काहीही येणं नाही" हे वाक्य. मूळ करार नोंदवलेला आहे, तेव्हा हाही नोंदवून घेतलेला बरा.